धोकटीतील वारसा : वडिलोपार्जित वस्तऱ्याची ओळख आणि जतन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मंडळाने आज आम्हांस बोलावयास पाचारण केले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही प्रथम मंडळाचे आभार मानतो. आपल्या मेळाव्यांतून मुलांचे शिक्षण, विवाहातील खर्च, व्यवसायातील अडीअडचणी यांवर भाषणे होतात आणि ती व्हावयासच हवीत. आज मात्र एका लहानशा वस्तूकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. मिटलेली असता ती वीतभरही भरत नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, जुन्या धोकटीत किंवा देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ती आजही पडून आहे. ती वस्तू म्हणजे आजोबा-पणजोबांच्या हातचा वस्तरा.

हा विषय आजच का काढावा, असे कोणी विचारील. वस्तऱ्याची जागा आता बदलत्या पात्याच्या साधनाने घेतली आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती झाल्यावर, गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात, प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हा दंडक आपल्या दुकानांतून रूढ झाला, आणि तो योग्यच झाला. त्यामुळे जुना वस्तरा कामातून गेला. कामातून गेलेल्या वस्तूची गती आपण जाणतोच. ती भंगाराच्या टोपलीत पडते, किंवा जुन्या वस्तूंचा व्यापारी ती चार रुपयांस उचलून नेतो. नव्या पिढीतील काही मुलांना तर त्या धोकटीचा संकोच वाटतो. ज्या हत्याराने घर पोसले, मुले शिकविली, मुलींची लग्ने केली, त्याविषयी संकोच वाटण्याचे काही कारण नाही. ते हत्यार काय आहे हे नीट कळले, तर संकोच आपोआप गळून पडेल अशी आमची श्रद्धा आहे.

वस्तऱ्याचे कूळ फार जुने आहे. त्याचे संस्कृत नाव ‘क्षुर’, आणि तो शब्द ऋग्वेदाइतका प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत वस्तऱ्याची गणना आहे. त्याच बौद्ध परंपरेत कपिलवस्तूचा उपाली नाभिक कुळातला. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे नियम सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. आपल्या महाराष्ट्रात संत सेना महाराजांनी हीच धोकटी खांद्यावर घेऊन पंढरीची वाट धरली, आणि श्रावण वद्य द्वादशीस त्यांची पुण्यतिथी आपण भक्तिभावाने साजरी करतो. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपतींच्या रक्षणास धावलेला जिवा महाला आपलाच. ही नावे इतिहासाने जपली. पण गावोगाव पहाटे उठून पाटलाच्या ओट्यापासून शेताच्या बांधापर्यंत फिरणाऱ्या, वर्षाअखेर खळ्यावर बलुत्याचे धान्य मोजून घेणाऱ्या हजारो माणसांची नावे कोणी लिहून ठेवली? आपल्यापैकी फारच थोड्या घरांत सनदा, दफ्तरे वा रोजनिशा आहेत. उरलेल्यांच्या घरी फक्त हत्यारे आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की वस्तरा हाच आपल्या घराण्याचा दस्तऐवज होय.

या दस्तऐवजात अभिमानाची पाने आहेत, तशी दुःखाचीही आहेत. बालवयात वैधव्य आलेल्या मुलींच्या मस्तकावर हाच वस्तरा फिरवावा लागे. त्या कामास नकार देण्याचे धैर्य आपल्याच बांधवांनी दाखविले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासातील ते एक तेजस्वी पान आहे. त्याचबरोबर हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे की, गावगाड्याच्या नियमाने ज्यांना अस्पृश्य ठरविले त्यांच्या गालास हा वस्तरा लागू दिला गेला नाही. गावाने घातलेली ती रेषा आपल्या हातांनीही पाळली. वारसा जपावयाचा तो संपूर्ण जपावा, त्यातील सोयीचा तेवढा भाग वेचू नये.

आता वस्तरा ओळखावा कसा, याकडे वळू. प्रथम त्याच्या अवयवांची नावे ठरवून घेऊ, म्हणजे पुढील बोलणे सोपे होईल. धार असलेला भाग ते पाते. पात्याची जाड कड ती पाठ. पात्याच्या मागचा, धार नसलेला, मुठीत खिळ्याने बसविलेला भाग ती मान. मानेच्या शेवटी बोट टेकण्यासाठी वळलेला भाग ती शेपटी. आणि ज्या दोन फळ्यांच्या मधे पाते मिटते ती मूठ.

पहिला प्रश्न असा की वस्तरा देशी आहे की विलायती. गावच्या लोहाराने घडविलेल्या वस्तऱ्यावर बहुधा कसलेही अक्षर नसते. पाते बसके व रुंद असते, पाठ जाड असते, आणि उजेडात तिरपे धरले असता हातोड्याचे घाव पुसटसे दिसतात. जुने कारागीर पोलाद महाग म्हणून सर्व पाते पोलादाचे न करता, लोखंडाच्या अंगावर धारेपुरते पोलाद जोडीत. अशा पात्यावर धारेच्या समांतर एक अंधुक सीमारेषा दिसते. अलीकडचा रंग निराळा, पलीकडचा निराळा. ती रेषा दिसली तर आपल्या हाती एका अनाम लोहाराचे कसब आहे असे समजावे. अक्षरे नाहीत म्हणून असा वस्तरा कमी मोलाचा मानू नये. आमच्या मते जतनाचा पहिला अधिकार त्याचाच, कारण विलायती वस्तरे जगाच्या संग्रहालयांत पुष्कळ आहेत, गावच्या लोहाराचे फार थोडे उरले आहेत.

पोलादाची गोष्ट निघाली म्हणून येथे एक हकीकत सांगतो. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून केलेले पोलाद ‘वूट्झ’ या नावाने युरोपात प्रसिद्ध होते. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट हा या पोलादाचा मोठा चाहता होता. पुढे त्याने तरुण शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांच्या साह्याने पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. फॅरडे यांनी त्या मिश्र पोलादाचे वस्तरे करवून आपल्या मित्रांस भेट दिले होते. अर्थात विजेचे नियम शोधणाऱ्या या थोर पुरुषाच्या आरंभीच्या संशोधनामागे आपल्या देशातील पोलादाचे कुतूहल होते, आणि त्या कुतूहलाची कसोटी होती वस्तऱ्याची धार.

विलायती वस्तऱ्याची जन्मपत्रिका त्याच्या मानेवर लिहिलेली असते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरलेल्या वस्तऱ्यांत इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या दोन गावांचा माल ठळक होता. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याची खूण तारा व माल्टाचा क्रूस अशी जोडीची आहे. जॉर्ज वोस्टनहोम यांच्या मालावर ‘आय एक्स एल’ ही अक्षरे व मधे तारा असतो. वेड अँड बुचर हेही शेफील्डचेच नामांकित घराणे. झोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याची खूण जुळ्या आकृतींची असून ती १७३१ साली नोंदविली गेली. काही वस्तऱ्यांवर कारखानदाराऐवजी माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव आढळते. तेही तितकेच जपून टिपून घ्यावे.

नाव वाचले म्हणजे काळ कळला असे मात्र नव्हे. हे कारखाने शंभर-शंभर वर्षे चालले, आणि त्यांच्या नावांची नक्कलही झाली. काळ ठरविण्यास इतर अक्षरे उपयोगी पडतात. मुकुटाखाली ‘व्ही आर’ अशी अक्षरे असल्यास वस्तरा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणानंतरचा, म्हणजे १८३७ नंतरचा आणि बहुधा १९०१ पूर्वीचा. ‘डब्ल्यू आर’ असल्यास १८३० ते १८३७ हा चौथ्या विल्यमचा काळ. ‘जी आर’ असल्यास मात्र सावध राहावे, कारण जॉर्ज नावाचे राजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत झाले तसे विसाव्या शतकातही झाले. तेथे पात्याच्या घडणीचा पुरावा जोडीस घ्यावा लागतो. ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे स्टोडार्ट व फॅरडे यांच्या १८२२ च्या निबंधानंतर रूढ झाली. त्यांनी पोलादात पाचशेव्या हिश्शाइतकी चांदी मिसळली होती. पुढे चांदी असो वा नसो, ते नाव मात्र मालावर चढू लागले.

देशाचे नाव हाही एक चांगला साक्षीदार आहे. १८८७ साली इंग्लंडात, १८८९ साली हिंदुस्थानात व १८९० साली अमेरिकेत मालावरील खुणांविषयी आणि मूळ देशाच्या नावाविषयी कायदे झाले. तेव्हापासून नुसत्या ‘शेफील्ड’ऐवजी ‘शेफील्ड इंग्लंड’ आणि ‘जर्मनी’ अशी अक्षरे सर्रास दिसू लागतात. देशाचे नाव आहे, तर वस्तरा बहुधा १८९० च्या सुमाराचा किंवा नंतरचा. ते नाही, तर तो त्यापूर्वीचा असण्याचा संभव वाढतो. निश्चिती मात्र होत नाही. ‘स्टेनलेस’ असा शब्द असेल तर वस्तरा १९१३ नंतरचा, कारण त्या साली हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्ड येथे ते पोलाद सिद्ध केले. ‘वेस्ट जर्मनी’ असे असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला. अशा रीतीने एकेक खूण काळाची एकेक बाजू आवळीत आणते.

अक्षरे झिजली असल्यास आकार बोलतो. अठराव्या शतकातील वस्तऱ्यांना शेपटी नसे, किंवा नावापुरतीच असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ती लांब व वळणदार होऊ लागली. जुन्या पात्याचा छेद पाचरीसारखा भरीव असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पाती सर्वत्र पसरली. असे पाते धारेजवळ कागदासारखे पातळ असते व नखाने हलकेच टिचकी मारली तर घंटेसारखे गुंजते. टिचकी पाठीच्या बाजूस मारावी, धारेच्या बाजूस बोट नेऊ नये, हे सांगणे न लगे.

मुठीवरूनही काळ व ऐपत कळते. शिंगाची मूठ सर्वांत सामान्य. उजेडासमोर धरली असता तीत मधाळ रेषा दिसतात. हाडाच्या मुठीवर बारीक काळसर छिद्रे व रेघोट्या असतात. हस्तिदंतात छिद्रे नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या सूक्ष्म वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड हे १८७० नंतरचे आणि बेकेलाइट हे १९०७ नंतरचे कृत्रिम पदार्थ. साच्यातून काढलेली फुलांची वा पानांची नक्षी अशा मुठींवर पुष्कळदा असते. मूठ कशाची हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा उपाय काहीजण सुचवितात. तो करू नये. त्याने वस्तूवर कायमचा डाग पडतो, आणि सेल्युलॉइड तर भडकन पेट घेते.

यापुढील खूण कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते. ती आपल्या घराण्याच्या हाताची असते. विलायती वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शात मोजतात. आपले सुतार-लोहार त्यालाच सूत म्हणतात. सात सुतांचे पाते विकत घेतलेले असेल आणि आज ते पाच सूत भरत असेल, तर मधले दोन सूत गेले कोठे? ते सहाणेवर गेले. धार लावताना पाते पाठीवर टेकून फिरवावे लागते, म्हणून पाठीवर दोन्ही बाजूंस सपाट चकाकत्या पट्ट्या उमटतात. पट्टी जितकी रुंद, तितकी सेवा दीर्घ. एका टोकाकडे झीज अधिक असेल तर ती त्या माणसाच्या मनगटाची लकब. बंधुभगिनींनो, ते नाहीसे झालेले दोन सूत म्हणजे आपल्या वाडवडिलांची पन्नास वर्षांची चाकरी आहे. कोणत्याही दप्तरात न नोंदलेले श्रम येथे पोलादावर नोंदले गेले आहेत.

म्हणूनच जतनाविषयी आमचे पहिले सांगणे असे की, वस्तरा चकचकीत करू नका. घरात जुनी वस्तू सापडली की ती घासूनपुसून लख्ख करावी असा आपला स्वभाव असतो. पॉलिश कागदाने घासले, किंवा दुकानातील फिरत्या चाकावर धरले, की गंजाबरोबर मानेवरील अक्षरे जातात, पात्यावरील सोनेरी मुलामा जातो आणि झिजेच्या त्या पट्ट्याही जातात. चाकाच्या घर्षणाने पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरते, आणि चाकात अडकून उडालेले पाते प्राणघातक ठरू शकते. लिंबू, चिंच, शिरका यांत बुडवून ठेवणेही तितकेच घातक. आम्लाने गंज सुटतो, त्याबरोबर चांगले पोलादही खाल्ले जाते आणि शिंगाची मूठ बिघडते. भंगाराच्या टोपलीत गेलेला वस्तरा कोणी तरी परत आणील. घासून पुसलेले अक्षर कोणीच परत आणू शकत नाही.

मग करावे काय? गंजाचे दोन प्रकार ओळखावेत. लालसर, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज हा जिवंत गंज; तो वाढत राहतो. काळसर, घट्ट, गुळगुळीत थर हा निवलेला असतो. तो पोलादाचे कवचच होय. पहिल्यावर उपाय करावा, दुसऱ्यास हात लावू नये. हातात सुती मोजे घालावेत, कारण घामातील मीठ लोखंडाचा शत्रू आहे. वस्तरा उघडून पाठीकडून धरावा. शिलाई यंत्रास घालतात ते पातळ खनिज तेल कापडाच्या बोळ्यावर घेऊन लाल जागी हलकेच लावावे, एक दिवस तसेच राहू द्यावे, आणि मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे. धारेवरून आडवे पुसू नये. दोनतीनदा असे केल्यावर सुटेल तेवढा गंज सुटतो. राहील तो राहू द्यावा. खोबरेल, तिळाचे वा शेंगदाण्याचे तेल लावू नये. अशी तेले कालांतराने चिकट होतात, धूळ धरतात व खवट होतात.

शेवटी तेलाचा अगदी विरळ हात पात्यावर राहू द्यावा. खिळ्याच्या सांध्यात सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब पुरे. जुना खिळा ठोकून काढू नये. तोही मूळ वस्तूचाच भाग आहे. शिंगाची मूठ पाण्यात भिजवू नये व उन्हात ठेवू नये. ती वाकते, तडकते. तिला कीडही लागते, म्हणून मुठीखाली भुकटी सांडलेली दिसली तर ताबडतोब वेगळी काढून तपासावी. सेल्युलॉइडच्या मुठीची तऱ्हा निराळी आहे. ती जुनी झाली की आम्लाच्या वाफा सोडते. मूठ ओलसर होते, तिच्यावर भेगांचे जाळे उमटते आणि मुठीत झाकला जाणारा पात्याचा भागच नेमका गंजतो. असा वस्तरा इतरांपासून दूर, हवेशीर जागी व विस्तवापासून लांब ठेवावा. हस्तिदंताची मूठ असल्यास हे ध्यानात असू द्यावे की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंताची खरेदीविक्री निषिद्ध ठरविली आहे. व्यापाऱ्याच्या आमिषास बळी पडू नये.

ठेवावे कोठे, हा पुढचा प्रश्न. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा साठच्या वर गेली की लोखंड वेगाने गंजू लागते, आणि मुंबई-कोकणात पावसाळाभर ती त्याहून कितीतरी अधिक असते. धोकटी हे वस्तऱ्याचे पारंपरिक घर खरे, पण दीर्घकाळ ठेवण्यास ते योग्य नव्हे. कमावलेल्या चामड्यातील द्रव्ये व त्यात मुरणारी ओल पात्यास बाधते. म्हणून धोकटी जपावी, पण वस्तरा तिच्याबाहेर ठेवावा. धुतलेल्या, खळ नसलेल्या, कोऱ्या सुती कापडात तो गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा व सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी. तिच्या दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदलावी. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्यात आम्ल असते. मूठ सुती फितीने बांधून ठेवावी, म्हणजे मुलांच्या हातून वस्तरा चटकन उघडणार नाही. डबा कुलपात असावा. आणि या वस्तऱ्याने कोणीही दाढी करू नये. पिढ्यान्‌पिढ्यांचा गंज व अनेकांच्या रक्ताचा संपर्क असलेले हत्यार पुन्हा गालाला लावणे हे शहाणपणाचे नव्हे.

खंडेनवमीस व दसऱ्यास आपण हत्यारांची पूजा करतो. ही प्रथा आम्हांस फार मोलाची वाटते. मात्र ओले कुंकू, हळद, पंचामृत वा लिंबू पात्यावर पडू देऊ नये. वस्तरा कापडावर ठेवावा आणि गंधाक्षता त्याच्यासमोर वाहाव्यात. भक्तीत त्याने काही उणे येत नाही. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा हाच दिवस वार्षिक तपासणीचा ठरवावा. डबा उघडावा, पाते पाहावे, तेलाचा हात फिरवावा, पुडी बदलावी. पूजा आणि निगा एकाच मुहूर्तावर होतील.

तथापि वस्तू राहिली आणि हकीकत गेली, तर अर्धा वारसा बुडाला. म्हणून प्रत्येक घराने एक टाचण करावे. वस्तरा कोणाचा, त्यांचे गाव कोणते, बलुत्याची घरे कोणती, शहरात प्रथम कोण आले, दुकान कोठे घातले, वस्तरा कोणाकडून कोणाकडे आला, हे सर्व लिहावे. लांबी, रुंदी मोजून लिहावी. खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. मानेवरील अक्षरे पुसट असतील तर त्यांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीची कड हलकेच फिरवावी, ठसा उमटतो. हे करताना वस्तरा उघडा ठेवून पात्याची धार जाड कापडात गुंडाळून बांधलेली असावी. घरातील वृद्धांस विचारावे, आणि विशेषतः वृद्ध स्त्रियांस विचारावे. कोणत्या सालच्या दुष्काळात धान्य आले नाही, कोणत्या सासऱ्यांनी कोणते काम नाकारले, हे आजीला ठाऊक असते. तिला कोणी विचारलेले नसते एवढेच.

वाटणीच्या वेळी एक विवेक पाळावा, अशी आमची नम्र विनंती आहे. थोरल्याने वस्तरा घ्यावा, मधल्याने कातर व धाकट्याने नराणी, असे झाले की धोकटी संपली. वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, वाटी, आरसा, सहाण व चामड्याचा पट्टा ही सर्व मिळून एक वस्तू आहे. ती एका घरी राहावी, आणि टाचणाची प्रत सर्व भावंडांकडे व माहेरवाशिणींकडे असावी. ज्यांना ठेवणे शक्य नसेल त्यांनी व्यापाऱ्याऐवजी संग्रहालयाचा विचार करावा. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने नित्य वापराच्या वस्तूंनाही कलावस्तूंचा मान देता येतो हे दाखवून दिले आहे. संग्रहालयास देताना टाचण सोबत द्यावे; त्यावाचून आपला वस्तरा तेथे केवळ एक क्रमांक होऊन राहील.

मंडळाकडे आमचे एकच मागणे आहे. वधूवरांची सूची आपण छापतो, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापतो. तशीच एक ‘हत्यारांची नोंदवही’ मंडळाने उघडावी. हत्यारे घरोघरच राहतील, नोंद तेवढी मंडळात राहील. प्रतिवर्षी स्मरणिकेत त्यांतील चार-पाच नोंदी छायाचित्रांसह प्रसिद्ध व्हाव्यात. वीस वर्षांनी त्या नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या गावचे बांधव कोणत्या वाटेने शहरात आले, कोणता माल वापरीत, कोणत्या लोहाराकडून पाती घडवून घेत, हे सर्व दिसू लागेल. दुसऱ्या कोणी आपला इतिहास लिहावा याची वाट पाहण्याचे मग कारण उरणार नाही.

आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, परदेशी जावे, किंवा आपलेच दुकान नव्या पद्धतीने चालवावे. सर्वच आम्हांस सारखे प्रिय आहे. त्यांपैकी कोणाच्याही हाती हा वस्तरा धंद्यासाठी द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांनी तो एकदा उघडून पाहावा, मानेवरील अक्षरे वाचावीत, आणि झिजून गेलेले ते दोन सूत आपल्या बोटांनी मोजावेत. आपण कोणाच्या श्रमावर उभे आहोत हे कळण्यास तेवढे पुरे आहे.